पहिला वाटा आपला

११ नोव्हेंबर, सोमवार

राऊलचा फोन मी डबा उघडत असताना आला आणि डबा तसाच राहिला. राऊल एस्पिनोसा हा आमच्या शहराचा विमा दलाल. वर्षभर गमतीजमतीत बोलणारा माणूस, पण नोव्हेंबरात त्याने आधी तब्येत विचारली की समजावं, आकडा वाईट आहे. आज त्याने माझी तब्येत विचारली, मग माझ्या गुडघ्याची वेगळी विचारली.

एक जानेवारीपासून आमच्या केटल बेंड शहराचा हप्ता जवळजवळ दीडपट होणार आहे. तोही आत्ताचंच संरक्षण ठेवलं तर. आत्ता कोणीही शहरावर नुकसानभरपाईचा दावा केला, तर त्यातले पहिले एक लाख डॉलर शहर भरतं आणि त्यापुढचं विमा कंपनी. हा जो आपला पहिला वाटा, ज्याला सगळे डिडक्टिबल म्हणतात, तो वाढवला की हप्ता उतरतो. पाच लाख केला तर हप्ता यंदाइतकाच राहील.

"पाच लाख, राऊल? आमच्या एवढ्याशा गावाला?"

"तुमच्याकडे दावे होतातच कुठे, नोरीन? एवढे स्वच्छ आकडे माझ्या दुसऱ्या एकाही गावाचे नाहीत."

ऐकून बरं वाटलं, कशाला खोटं लिहू. ते आकडे माझ्यामुळे स्वच्छ आहेत. शहराची जोखीम अधिकारी म्हणून सात वर्षांपूर्वी मी नियम आणला, की शहराचा वाटा ज्या खात्याच्या चुकीमुळे भरावा लागेल, त्याच खात्याच्या बजेटमधून कापायचा. त्याआधी रस्तेखात्याचे बर्फ लोटणारे ट्रक दर हिवाळ्यात लोकांच्या घरांपुढच्या, रस्त्याकडेला खांबावर बसवलेल्या साठ-सत्तर टपालपेट्या उडवायचे. गेल्या हिवाळ्यात तीन. खिशाला चाट बसायला लागली की माणसं आरशात बघायला लागतात, एवढं साधं आहे ते.

१३ नोव्हेंबर, बुधवार

ग्लेन हॅवरकॅम्पने वर बोलावलं. हा आमचा शहर प्रशासक, वय एकोणचाळीस, येऊन दीड वर्ष झालं. माणूस वाईट नाही, पण सगळं एका कागदावर मागतो.

"मला सोपं करून सांगा, नोरीन."

मी सोपं करून सांगितलं. त्याने त्याहून सोपं केलं. हप्ता वाढला तर पैसे कुठून तरी काढावे लागतील आणि ते रस्तेखात्यातूनच निघतील. सगळ्यात शेवटी नोकरीला लागलेले चार ड्रायव्हर घरी जातील. डिडक्टिबल पाच लाख केलं तर चौघेही राहतील. सतरा डिसेंबरला नगरसभेत मतदान.

"शिफारस तुमची," तो म्हणाला. "तुम्ही पाच लाख म्हणालात तर कोणी प्रश्न विचारणार नाही."

माझा स्वतःचा एक नियम आहे. घरातलं सामान न विकता जेवढं भरता येईल, तेवढंच अंगावर घ्यावं. शहराच्या गंगाजळीत नऊ लाख आहेत. एका वर्षात दोन वाईट घटना घडल्या तर पाच लाखांच्या हिशेबाने आपण उघडे पडू. पण आमच्याकडे पाच वर्षांत एकही वाईट घटना नाही. आणि चार घरांच्या चुलीचा प्रश्न आहे. उद्या पुन्हा आकडे काढते.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

शुक्रवारचे तळलेले मासे, खानावळीतल्या नेहमीच्या टेबलावर, ऑरिनबरोबर. ऑरिन कोस्टका रस्तेखात्याचा प्रमुख आणि माझ्या नवऱ्याचा, वॉल्टचा, मित्र. वॉल्ट गेल्याला आता चार वर्षं होतील. दोघं एकाच वर्षी ट्रकवर लागले होते. वॉल्ट गेल्यापासून माझ्या दारातला बर्फ ऑरिनच काढतो. पैसे दिले तर रागावतो, नाही दिले तर मी रागावते, म्हणून मी मासे खाऊ घालते.

"चार?" तो म्हणाला. "माझ्यातले?"

"घाबरू नकोस. तुझ्या पोरांचं रेकॉर्ड इतकं चांगलं आहे की मी पाच लाखांची शिफारस करणार आहे. स्वतःच्या नोकऱ्या त्यांनीच वाचवल्यात."

त्याने काटा खाली ठेवला. "किती वर्षांचे आकडे बघतात ते?"

"पाच."

"आणि कोणी येऊन तपासतं का? प्रत्यक्ष?"

तीस वर्षांत या माणसाने मला विम्याबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. मी त्याला तसं म्हटलं. तो हसला, पण अर्धा मासा ताटातच ठेवून उठला. चौघांची काळजी लागून राहिली असणार त्याला. पोरांवर जीव आहे त्याचा.

२३ नोव्हेंबर, शनिवार

लिंडन रस्त्यावरून जाताना पाहिलं, तर मिसेस प्रोहास्काच्या मागच्या दाराशी ऑरिन आणि त्याचे दोन ड्रायव्हर लाकडी उतार बांधत होते. हेडविग प्रोहास्का, वय एक्याऐंशी, पूर्वी शाळेच्या स्वयंपाकघरात होती. माझ्या पिढीचं निम्मं गाव तिच्या हातचं जेवून मोठं झालंय. आता वॉकर घेऊन चालते. गेल्या हिवाळ्यात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं.

मी गाडी थांबवून विचारलं, "सुट्टीच्या दिवशी हे काय?"

"चर्चचं काम," ऑरिन म्हणाला.

"कुठल्या चर्चचं? तू शेवटचा चर्चमध्ये दिसलास तो वॉल्टच्या अंत्यविधीला."

"म्हणूनच बाकी फेडतोय."

पोरं हसली नाहीत. बाईंनी खिडकीतून हात केला. त्यांच्याकडचे जॅम भरलेले गोड पाव एका ताटलीत उतारावरच ठेवले होते. मी सहज विचारलं, बाई कुठे पडल्या होत्या? तर ऑरिन एकदम तुटक बोलला, "म्हातारी माणसं पडतात, नोरीन. कुठे काय विचारतेस." हल्ली फार चिडका झालाय. पण काम बघण्यासारखं होतं. दोन्ही बाजूंना कठडा, वर खरखरीत पट्ट्या. अशी माणसं घरी पाठवायची म्हणजे काय.

२ डिसेंबर, सोमवार

विमा कंपनीने राऊलमार्फत विचारलंय, की रस्तेखात्याच्या टपालपेट्यांचे दावे साठवरून तीनवर आले कसे? कंपनीतल्या ज्या बाई आमची फाइल बघतात, त्यांना इतर गावांनाही ही पद्धत सांगायची आहे म्हणे.

दोन पानं लिहून पाठवली. नियम, तक्ता, आलेख. रात्री जेवताना ती पुन्हा वाचली आणि स्वतःवर खूश झाले. छप्पन्नाव्या वर्षी तळघरातल्या ऑफिसात एकटीने बसून केलेल्या कामाची कोणीतरी दखल घेतली.

सोबत नेहमीचा कागद आलाय, सही करून तेरा तारखेपर्यंत पाठवायचा. त्यावर छापलेलं असतं, की वरील दाव्यांची यादी पूर्ण आहे आणि ज्यातून पुढे दावा उभा राहू शकेल अशी दुसरी कोणतीही घटना शहराच्या माहितीत नाही. दरवर्षी मी हा कागद उभ्या उभ्या सही करून पाठवते. यंदा दोन पानांबरोबरच पाठवणार होते. पण कंपनीला खात्याचे फोटोही हवेत, म्हणून ठेवला.

४ डिसेंबर, बुधवार

दुपारी बर्फ सुरू झाला, तेव्हा फोटोंसाठी ट्रकमध्ये बसून गेले. ड्रायव्हर डीक लुंडग्रेन, चौघांपैकी एक. लाजाळू पोरगा, हात मात्र सफाईचा.

सीटच्या मागे वळून बघते तो आठ नव्या कोऱ्या टपालपेट्या, चार खांब, झटपट घट्ट होणाऱ्या सिमेंटची पोती आणि चिकटवायचे आकडे, शून्य ते नऊ, डब्यात लावून ठेवलेले. तयारी म्हणजे केवढी. कोणाचंही नुकसान पडून राहू नये म्हणून.

बर्च रस्त्याच्या वळणावर बर्फाचा लोट एका पेटीवर बसला आणि ती आडवी झाली. डीक उतरला. जुना खांब उपटला, नवा ठोकला, पेटी बसवली, आकडे चिकटवले. मी घड्याळ लावलं होतं, अकरा मिनिटं.

"नुकसानीचा फॉर्म?" मी म्हटलं.

"परत गेल्यावर भरतो, मॅडम."

मी म्हटलं, याचा फोटो कंपनीला पाठवते, उत्तम उदाहरण आहे. तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "पाठवू नका ना." संकोची आहे.

६ डिसेंबर, शुक्रवार

डीकचा फॉर्म आला नाही.

दोन दिवस होऊन गेले. बर्फाच्या गडबडीत राहिला असेल. ऑरिन आज माशांना आला नाही, पाठ धरलीय म्हणे. मी एकटीच जेवले. आठ पेट्या कशाला लागतात, हा प्रश्न जेवताना आला आणि मी तो बाजूला सारला. गेल्या पूर्ण हिवाळ्यात तीन गेल्या आणि एका ट्रकमध्ये आठ आहेत.

अजून फोटो पाठवले नाहीत.

१० डिसेंबर, मंगळवार

मिसेस प्रोहास्का ऑफिसात आल्या. तळघराच्या पायऱ्या त्यांना उतरवेनात, म्हणून मीच वर गेले आणि त्यांना बाकावर बसवलं. मांडीवर गोड पावांचा डबा.

"पोरी, ऐकलं ते खरं का? ट्रकवरच्या पोरांना काढताय म्हणे."

मी म्हटलं, अजून ठरलं नाही.

"नका काढू गं. फार चांगली पोरं आहेत. फेब्रुवारीत मला पाडल्यापासून एक दिवस चुकवला नाही त्यांनी. कोणी सूप आणतं, कोणी बर्फ काढतं, औषधं आणून देतात. उतार बांधून दिला."

"पाडल्यापासून म्हणजे?"

"अगं, मी पेटीतलं टपाल काढत होते आणि ट्रक गेला. त्याचा काय दोष, दिसले नसेन मी. बर्फाची लाट अशी आली आणि मी खाली. तो उतरून धावत आला बिचारा. रडत होता."

डबा त्यांनी माझ्या हातात दिला होता आणि मी झाकण उघडून परत लावत होते. बाई बोलतच होत्या. शस्त्रक्रिया झाली, तीन आठवडे दवाखान्यात काढले, दावा वगैरे नाही केला, कशाला त्या पोरांच्या मागे लचांड.

त्या गेल्यावर मी खाली आले. कागद टेबलावर होता. अशी दुसरी कोणतीही घटना शहराच्या माहितीत नाही. साडेदहाला बाई येईपर्यंत हे वाक्य माझ्यापुरतं खरं होतं.

११ डिसेंबर, बुधवार

रस्त्यावरचा बर्फ वितळवायच्या मिठाच्या गोदामात ऑरिनला गाठलं. मला बघताच त्याने दोन पोरांना बाहेर पाठवलं.

"किती?" मी विचारलं.

"काय किती?"

"टपालपेट्या. गाड्या. माणसं."

"मोजायचं काम तुझं. आम्ही दुरुस्त करतो."

"मला मूर्ख बनवलंत तुम्ही. सात वर्षं."

"तू बनलीस. आम्ही फक्त फॉर्म भरला नाही." मग त्याचा आवाज खाली आला. "पहिल्या वर्षी तू बावीस हजार कापलेस आमच्यातून. फेब्रुवारीत माझ्याकडे मीठ संपलं. टेकडीवर मी नुसती वाळू टाकली आणि दोन गाड्या घसरून आपटल्या. त्याचेही पैसे तू आमच्याकडूनच कापलेस."

"मला सांगायचंस."

"आलो होतो सांगायला. तू तक्ता दाखवलास."

ते मला आठवलं नाही, पण मी दाखवला असणार.

"मिसेस प्रोहास्का. ट्रक कोणाचा होता?"

"माणूस कमी होता त्या दिवशी. मीच बसलो होतो." हातमोजे काढून त्याने पुन्हा घातले. "सही कर, नोरीन. चार पोरं आहेत. ती बाई कधी दावा करायची नाही."

"आणि केला तर? कंपनी म्हणेल, सहीच्या वर खोटं लिहिलंय. मग पुढच्या वर्षी ट्रक शाळेच्या बसला धडकला तरी ते एक पैसा देणार नाहीत. सगळं गाव उघड्यावर."

"होईल तेव्हा बघू."

"होईल तेव्हाचं आधी बघण्याचाच मला पगार आहे."

"मग वॉल्टचंही लिही त्यात." हे तो मुद्दाम लागेल असं बोलला. "पहिला खांब त्यानेच कापला. रविवारी तुझ्या गॅरेजमध्ये तो काय करायचा असं वाटायचं तुला?"

मला वाटायचं, पक्ष्यांसाठी लाकडी घरटी बनवतो. वॉल्टनेच सांगितलं होतं तसं. एकही कधी झाडावर टांगलेलं दिसलं नाही, हे आज घरी येताना लक्षात आलं. माझ्याच घरात, माझ्याच नियमापासून लपून तो करवत चालवत होता आणि मी त्याला वर कॉफी नेऊन देत होते. राग आला त्याचा. मग लाज वाटली. आत्ताही दोन्ही आहे.

१२ डिसेंबर, गुरुवार

सही केली. अर्ध्या तासाने तो कागद फाडला. दुसरी प्रत काढली.

१३ डिसेंबर, शुक्रवार

ग्लेनला सगळं सांगितलं.

"तुम्ही मला हे सांगितलंच नाही, असं समजता येईल का?"

"नाही. आता तुम्हालाही माहीत आहे."

"चार माणसं, नोरीन."

"मला त्यांची नावं पाठ आहेत."

मग राऊलला फोन करून सोमवारपर्यंतची मुदत मागून घेतली आणि गोदामात गेले. सगळ्या ड्रायव्हरांना बसवून सांगितलं, की नावं नकोत, शिक्षा नाही, मला फक्त खरा आकडा हवा. सगळे ऑरिनकडे बघत होते आणि ऑरिन जमिनीकडे. शेवटी डीक म्हणाला, "यंदाच्या माझ्याच सहा." मग एकेकाचं तोंड उघडलं. पाच वर्षांत तीनशेच्या वर टपालपेट्या, नऊ गाड्या, दोन ओसऱ्या, एक माणूस. एका गाडीचं दार तर यांनी शनिवार-रविवारात ठोकून, रंगवून परत दिलं होतं. मालकाने आभाराचं पत्र पाठवलं. ते अजून भिंतीवर आहे.

सगळं लिहून राऊलला पाठवलं. कागदावर ते वाक्य खोडून खाली यादी जोडली आणि सही केली.

१६ डिसेंबर, सोमवार

राऊलचं उत्तर आलं. आज त्याने तब्येत विचारली नाही.

"टपालपेट्यांना कोणी घाबरत नाही, नोरीन. ते घाबरतात ते न सांगणाऱ्या शहराला."

कंपनी पळून गेलेली नाही. पण भाव वाढले. पाच लाखांचं डिडक्टिबल घेतलं तरी हप्ता थोडा वर जाईल आणि एकच ड्रायव्हर जाईल. अडीच लाखांचं घेतलं तर दोघं जातील. एक लाख ठेवलं तर चौघे. मिसेस प्रोहास्काचं प्रकरण यंदाच्या चालू विम्यात जाईल, पण दहा महिने उशिरा कळवलं म्हणून कंपनी हात वर करू शकते. मग ते सगळं आपल्याच माथी.

म्हणजे पाच लाख म्हटलं की एकच माणूस. ग्लेनने दोनदा फोन करून तेच सांगितलं. पण महिन्यापूर्वी मी पाच लाख म्हणत होते ते या गावाचे आकडे मला माहीत आहेत असं समजून. आता मला एवढंच माहीत आहे, की मला माहीत नाही. अजून कुठल्या खात्यात काय दडलंय, कोण सांगणार? उद्यानखात्याकडे मी अजून गेलेलीच नाही. दोन वाईट घटना झाल्या तर अडीचच्या हिशेबाने गाव उभं राहील. पाचच्या हिशेबाने आज दोघांऐवजी परवा दहा जण जातील.

दुपारपासून पन्नासदा तीच बेरीज केली. दरवेळी तिच्या शेवटी एका माणसाचा चेहरा येतो.

१७ डिसेंबर, मंगळवार

नगरसभा. मी अडीच लाखांची शिफारस केली आणि सोबत म्हटलं, की खात्यांच्या बजेटमधून पैसे कापण्याचा माझा नियम एक जानेवारीपासून रद्द करा. तो चुकला. त्याने अपघात कमी झाले नाहीत, कागद कमी झाले.

एका नगरसेविकेने चष्मा काढून विचारलं, "सात वर्षं तुम्ही दर डिसेंबरला इथे येऊन तो तक्ता दाखवलात. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्यांचं काय करायचं?"

"परत घ्या," मी म्हटलं.

पाच विरुद्ध दोनने ठराव झाला. ऑरिन मागच्या रांगेत होता. मी वळून बघितलं तेव्हा त्याची खुर्ची रिकामी होती.

२० डिसेंबर, शुक्रवार

डीक आणि टोबी नास्ट, दोघांना आज पत्रं मिळाली. ऑरिनला लेखी समज. नोकरी राहिली, पण त्याला ती पोरांच्या जिवावर राहिली असं वाटतंय, हे तो डीकच्या मागे उभा होता तेव्हा दिसत होतं.

डीक किल्ल्या द्यायला आला. "मी पेटी नीट बसवली, मॅडम," तो म्हणाला. "माणसाला फोनसुद्धा करावा लागला नाही. आणि घरी मी चाललोय."

मला म्हणायचं होतं, की तू घरी जातोयस तो माझ्या नियमामुळे. म्हणाले एवढंच, की मी तुझं शिफारसपत्र लिहिते. त्याने मान हलवली. घेईलसं वाटत नाही.

मासे खायला गेले नाही. दारातला बर्फ दोन दिवस तसाच होता, आज मीच काढला. पाऊण तास लागला आणि कंबर गेली.

२८ डिसेंबर, शनिवार

मिसेस प्रोहास्काच्या घरी फॉर्म घेऊन गेले. शहराच्या जोखीम अधिकाऱ्याने स्वतःहून जाऊन शहरावर दावा करायचा फॉर्म देणं, असं माझ्या सव्वीस वर्षांत झालं नव्हतं. ग्लेनला विचारलं नाही, नुसतं सांगितलं.

मला वाटलं होतं त्या नको म्हणतील. पोरांची बाजू घेतील, मला गोड पाव देतील आणि मी फॉर्म पर्समध्ये घालून परत येईन. खरं लिहायचं तर, मनातून मला तेच हवं होतं.

त्यांनी चष्मा लावला आणि फॉर्म पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"हे मागितलं तर पोरं यायची बंद होतील, असं वाटायचं मला," त्या म्हणाल्या. "म्हणून गप्प होते. सूप चांगलं असायचं गं. पण फेब्रुवारीपासून मी माझ्या पलंगावर झोपलेली नाही. तो वर आहे. या सोफ्यावर झोपते. जिन्याला ती बसून वर जायची खुर्ची लावतात ना, तिची किंमत विचारली होती मी. मग राहू दिलं."

"कोणाला सांगितलंत का हे?"

"कोणी विचारलं नाही. सगळे विचारायचे, सूप कुठलं आणू."

मी पेन दिलं. त्यांनी सावकाश, शाळेतल्यासारखं गोल अक्षर काढून सगळं भरलं. खुर्ची, शस्त्रक्रियेचा स्वतःच्या खिशातून गेलेला भाग, आणि सोफ्यावरच्या दहा महिन्यांसाठी काय लिहायचं, ते मला विचारलं. मी म्हटलं, तुम्हाला योग्य वाटेल ते लिहा. त्यांनी लिहिलेला आकडा माझ्या अंदाजापेक्षा मोठा होता. मी काही बोलले नाही.

६ जानेवारी, सोमवार

शनिवार-रविवार मिळून चौदा इंच बर्फ पडला. सकाळी ऑफिस उघडलं तर दाराच्या फटीतून आत सरकवलेले ड्रायव्हरांचे फॉर्म. सव्वीस. गेल्या अख्ख्या वर्षात नव्हते एवढे.

दहा वाजता ग्लेनचा फोन. "काय झालं? सगळं गाव मोडलं का?"

"नाही. आजवर दर हिवाळ्यात एवढंच मोडत होतं."

निम्मे फॉर्म रागाने भरलेले आहेत, हे अक्षरावरून कळतं. एकाने लिहिलंय, शेजाऱ्यांचं मांजर बर्फाने भिजलं, मांजराची माफी मागितली. दुसऱ्याने आरशावरचा ओरखडा तीन पानांत वर्णन केलाय, आकृतीसह. दोघं कामावर नाहीत आणि राहिलेले माझा सूड कागदावर काढतायत. काढू देत. एकेक वाचला, एकेक नोंदवला. दुपारपर्यंत एकवीस टपालपेट्या, एक कुंपण, तो आरसा, ते मांजर, एका ड्रायव्हरचं मनगट. मनगट तीन आठवड्यांपूर्वीचं आहे. तीन आठवडे तो एका हाताने ट्रक चालवत होता. त्याला लगेच डॉक्टरकडे पाठवलं.

सव्विसावा फॉर्म ऑरिनचा होता. त्याचं अक्षर मला वॉल्टच्या वेळेपासून माहीत आहे.

घटना: दोन वर्षांपूर्वी, मार्च. ट्रकच्या पायरीवरून पडलो. दुखापत: डावा खांदा. हात खांद्याच्या वर जात नाही. वरिष्ठांना कळवलं का: वरिष्ठ मीच.

खाली आणखी काही लिहून खोडलं होतं. उजेडात धरून बघितलं, वाचता आलं नाही.

दोन हिवाळे. दोन हिवाळे त्या खांद्याने तो माझ्या दारातला बर्फ काढत होता आणि मी खिडकीतून हात करत होते. खुर्चीत बसून मी रडले. तळघरात कोणी येत नाही, ते एक बरं आहे.

माणसाला दुखापत झाली असेल तर फॉर्म मिळाल्यापासून चोवीस तासांत फोन करायचा, असा नियम आहे. हाही मीच केलेला. चार वाजता फोन लावला.

"रस्तेखातं."

"नोरीन बोलतेय."

पलीकडे ट्रकचा आवाज येत होता. त्याने फोन ठेवला नाही.

"तुझ्या फॉर्मबद्दल," मी म्हटलं. "सगळ्यांना विचारते तेच प्रश्न आहेत. पहिला. दुखतंय का?"

दार लावल्याचा आवाज आला, ट्रकचा आवाज कमी झाला.

"हो," तो म्हणाला. "खूप दुखतं, नोरीन."

मी ते लिहून घेतलं आणि दुसरा प्रश्न विचारला.